तिसऱ्या दिवसाची सायकल

टीचर ताज्या माणसाची सायकल सेट करत नसत. सकाळी आंघोळ-नाश्ता उरकून कोणी चौक गावात त्यांच्या दारात सायकल घेऊन उभं राहिलं, की त्या त्याला वरपासून खालपर्यंत बघत आणि म्हणत, "आज न्हाय. दमून ये." मग त्याने दिवसभर उत्तन, डोंगरी, घोडबंदर असं पुढे काही न खाता फिरायचं आणि पाय थरथरायला लागले की परत यायचं. तेव्हा त्या पाना हातात घेत.

गावच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं पीटी शिकवली. निवृत्तीनंतर गुडघ्यांसाठी सायकल घेतली आणि तिथून त्या कच्च्या रस्त्यांवरच्या लांब शर्यतींकडे वळल्या. या शर्यती अनेक दिवस चालतात. मदतीला गाडी नसते, सामान स्वतः वाहायचं असतं, झोप मिळेल तेवढीच. मीरा रोड आणि काशीगावातले आम्ही काही जण या नादाला लागलो ते त्यांच्यामुळे. आम्हाला त्या 'अरे-तुरे' करत, रागावत आणि तळलेले बोंबील खायला घालत.

"अंगात जोर हाय तवर सगळ्या सायकली चांगल्या," त्या म्हणत. "तिसऱ्या दिवशी जो येतो, त्याला इचार." कोण येतो, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं. "तूच. पन तुझ्यासारखा न्हाय." त्या येणाऱ्यासाठी त्या हँडल वर घेत, सीट किंचित पुढे सरकवत, रुंद टायर घालून हवा कमी ठेवत आणि पुढचं दातेरी चक्र लहान बसवत. काशीगावच्या निलेशला वाकून, छाती हँडलला टेकवून चालवायची हौस होती. तो कुरकुरला, "टीचर, ही तर आजोबांची सायकल दिसते!"

"आजोबाच येनार हाय तिसऱ्या दिवशी. त्याला शिव्या घालू नको. तोच तुला घरी आनील."

त्यांच्या अंगणात मासळीच्या बर्फाने भरलेली थर्माकोलची पेटी असे. तीत मनगटापर्यंत हात बुडवायचे, बोटं बधिर झाली की बाहेर काढायचे आणि त्याच हातांनी पिशवीची चेन उघडून खाऊ काढायचा, ट्यूब बदलायची. जे जमलं नाही ते सायकलवरून काढून टाकायचं किंवा बदलायचं. आमच्या सगळ्यांच्या पिशव्यांच्या चेनना त्यांनी जाळ्याच्या जाड दोरीचे फास बांधले होते. दातांनीही ओढता येत.

शेवटची तपासणी भाईंदरच्या मिठागरांच्या बांधावर, भर दुपारी होई. त्याआधी माणूस दोन दिवस जवळजवळ झोपलेला नसे. मिठाचा पांढरा उजेड चहूबाजूंनी डोळ्यांत येई, सावली कुठेच नसे. टीचर छत्री घेऊन बांधावर बसत. माणूस फेऱ्या मारत असताना कधीतरी त्या हळूच म्हणत, "आला." मग त्यांचा आवाज बदले. पाहुण्याशी बोलावं तशा त्या बोलत. हात दुखतो का, सीट टोचते का, पाणी कुठं ठेवू? माझ्या वेळी मी बरंच बोललो, असं निलेश सांगतो. मला त्यातलं काही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी हँडल दोन बोटं वर आलेलं होतं आणि पुढे कुठल्याही शर्यतीत माझे हात दुखले नाहीत. मी काय बोललो होतो, असं टीचरना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझं न्हवतं ते बोलनं. तुला कशाला सांगू?"

त्यांची स्वतःची एक शर्यत राहिली होती. वाळवंटातली. ती त्यांनी दोनदा अर्ध्यावर सोडली होती, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या वेळी आम्ही फोनवर शर्यतीच्या नकाशात त्यांचा सरकता ठिपका बघत होतो. तो वाट सोडून सरळ मोकळ्या वाळूत गेला आणि थांबला. आयोजकांना त्या एका झुडपापाशी बसलेल्या सापडल्या. सायकल मागे वाटेवर होती, दगडाला नीट टेकवून कुलूप लावलेली. "मी उतरले न्हाय," त्यांनी आम्हाला सांगितलं. "तिसऱ्या दिवसाची ती उतरली. तिला सायकल बोचली." साठी उलटली होती. आता एकदाच, यानंतर नाही, असा शब्द त्यांनी मुलीला दिला होता.

त्या वर्षी त्यांनी सायकल फक्त 'तिच्यासाठी' सेट केली. जागरण करून रोज दुपारी मिठागरावर जात आणि परतल्यावर एखादी गोष्ट बदलत. सीट खाली आली. पेडलं रुंद झाली. एक दिवस पितळी घंटी आली.

"वाळवंटात घंटी कोणासाठी?" निलेशने विचारलं.

"तिला पायजे. मी कशाला इचारू?"

हळूहळू ती सायकल टीचरना होईनाशी झाली. त्या चढल्या की दुसऱ्या कोणाची मागून आणलेली वाटे. गुडघे वर येत, कोपर अवघडत. त्या मात्र समाधानाने म्हणाल्या, "ही आता माझी न्हाय."

शर्यतीच्या तिसऱ्या दिवशी ठिपका मागच्या वेळी वाट सोडली त्याच जागी थांबला. आम्ही तिघे-चौघे पेणकरपाड्यात एका टपरीवर बसलो होतो, चहा तसाच निवला. मग ठिपका हलला, वाटेवरच राहिला आणि शेवटपर्यंत गेला. निलेश टपरीवर नाचला. फोटोत टीचर त्या सायकलवर अगदी आरामात बसलेल्या दिसत होत्या.

हार घेऊन आम्ही चौकला गेलो. त्यांनी आम्हाला एकेकाला 'तुम्ही बसा' म्हटलं, चहा दिला. निलेश नुकताच आंघोळ करून आला होता. त्याने सहज विचारलं, सीट जरा बघता का? त्यांनी लगेच पाना आणला आणि सेट करून दिली. कामात काही खोट नव्हती. परतताना निलेशने सायकल हाताने ढकलतच नेली.

मुलगी सांगते, आई आता शांत झोपते, कोणावर रागावत नाही. त्या पुन्हा शर्यतीला गेल्या नाहीत. मध्यंतरी त्यांनी दुसरी एक सायकल घेतली आणि स्वतःच सेट केली. हँडल खाली, सीट उंच, टीचर पूर्वी चालवत तशी. ती गॅलरीत उभी असते. एका रविवारी मी गेलो तेव्हा त्या तिच्यात हवा भरत होत्या. मी विचारलं, ही कोणासाठी?

"टीचरसाठी," त्या म्हणाल्या. "मी सायकल घेऊन आले ना. ती तिथंच राहिली."

त्यांनी पंपाची नळी काढली आणि झाकण फिरवून बसवलं.

"निघालीय," त्या म्हणाल्या. "पन चालत हाय. वाळूतून येळ लागतो."

मी टायर अंगठ्याने दाबून पाहिलं. हवा टीचरना लागायची तेवढीच होती.