वाकलं की फक्त दगड दिसतो

त्या दिवशी सकाळी मी नगरला सावेडीतल्या घराच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होतो, तेव्हा मंदावहिनींचा फोन आला. 'सर, हे उठंनात,' एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. मी स्कूटर काढून केडगावला पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी त्यांच्या नवऱ्याला, इबोला, दवाखान्यात नेलं होतं, आणि मी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सकाळचा सराव घेऊन आला, जरा पाठ टेकतो म्हणाला आणि तसाच गेला. हृदय थांबलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग पुढचे सोपस्कार करायला आम्ही खिडकीपाशी गेलो. आतल्या माणसाने स्ट्रेचरकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, 'फॉरेनर आहेत ना? पासपोर्ट लागेल.' वहिनींनी पर्समधून नवऱ्याचं आधार कार्ड काढून दिलं. पत्ता केडगावचा. त्या माणसाने कार्ड उलटंपालटं केलं आणि वहिनींना सोडून मला विचारलं, 'ओरिजिनल आहे का हे?' खरं तर मला त्या वेळी रडू यायला हवं होतं. आलं नाही. शिसारी आली. इतके आठवडे झाले तरी ती गेलेली नाही, म्हणून हा लेख गोड होणार नाही. वाचकांनी समजून घ्यावं.

इबो, पूर्ण नाव इबोमचा, मूळचा मणिपूरचा. लष्कराच्या फुटबॉल संघात बरीच वर्षं बचावफळी सांभाळायचा, काही मोसम देशाच्या संघातूनही खेळला. नोकरीच्या निमित्ताने नगरच्या छावणीत आला आणि तिथल्या रस्त्यावर मंदावहिनींचं शिवणकामाचं दुकान होतं, तिथेच अडकला. ट्रॅकपँटची चेन बसवून घ्यायला तो पहिल्यांदा गेला आणि मग जातच राहिला. 'चांगली चेन घरून उसवून आनायचा हा मानूस,' असं वहिनी सगळ्यांसमोर सांगायच्या आणि हा खाली मान घालून हसायचा. लग्नाला सासरच्यांचा विरोध होता. वर्षभर त्यांनी तोंड पाहिलं नाही, मग सासूबाईंनीच पुढाकार घेऊन जावयाला जेवायला बोलावलं. त्या बाईंना हिंदी यायचं नाही आणि याला मराठी यायचं नाही, तेव्हा एकाने शिकायलाच हवं होतं. इबो शिकला, तोही थेट केडगावच्या शेतावरचं मराठी. मी महाविद्यालयात भूगोल शिकवायचो, माझं पुस्तकी बोलणं ऐकून तोच मला चिडवायचा. 'सर, तुमी लई बातम्यावानी बोलता,' म्हणायचा. निवृत्तीनंतर मणिपूरला परत जाणार का, असं मी एकदा विचारलं होतं. त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं की पुन्हा तो प्रश्न मी काढला नाही. त्याचं घर इथे होतं.

आमच्या महाविद्यालयाने त्याला फुटबॉलचा प्रशिक्षक म्हणून घेतलं, तेव्हा गावभर बोलबाला झाला. देशाकडून खेळलेला माणूस नगरमधल्या मुलांना शिकवणार, म्हणून वर्तमानपत्रांत फोटो आले, चौकात फलक लागले. जिमखान्याचं काम तेव्हा माझ्याच गळ्यात होतं, म्हणून त्याच्या पहिल्या सामन्याची सगळी तयारी मी जवळून पाहिली. करोना ओसरून फार दिवस झाले नव्हते आणि लोकांना गर्दी करायला निमित्तच हवं होतं. मैदान भरलं होतं. मंचावर मागे इबोचा मोठा फोटो लावला होता, अंगात देशाची जर्सी, छातीवर तिरंगा. त्या फोटोच्या पुढ्यात उभे राहून आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी त्याला शाल घातली, नारळ दिला आणि माइकवरून मोठ्या प्रेमाने म्हणाले, 'हमारे देश में आपका स्वागत है.'

मी आयुष्यभर या गावाला भूगोल शिकवला. वर्गात नकाशा टांगून छडी फिरवली, ईशान्येची राज्यं पाठ करून घेतली. अध्यक्षसाहेब आमच्याच महाविद्यालयात शिकलेले... त्या क्षणी मला माझ्या सगळ्या नोकरीचा वीट आला. इबोने मात्र माइक हातात घेतला आणि शांतपणे म्हणाला, 'साहेब, मी हितलाच हाय. केडगावचा जावई हाय मी.' अख्खं मैदान हसलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही. एक माणूस आपला पत्ता सांगत होता.

मग सामना सुरू झाला. प्रतिस्पर्धी बाहेरच्या जिल्ह्यातले होते. त्यांच्याबरोबर आलेली माणसं निमूट बसून खेळ पाहत होती. ओरडत होते ते आमचेच विद्यार्थी आणि त्यांच्या पुढे बसलेला, हल्लीच पुढारी झालेला एक तरुण. त्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर तेवढीच त्याची आणखी जाहिरात होईल. तो 'मोमो' म्हणायचा आणि मागची ओळ टाळ्यांच्या ठेक्यावर तेच म्हणायची. कुणी 'करोना घेऊन आला' म्हणालं. शेंगांची टरफलं मैदानात पडत होती. इबो हाताची घडी घालून रेषेवर उभा होता आणि आपल्या खेळाडूंना जागा दाखवत होता. सामना संपता संपता आमच्या गोलरक्षकाचा पाय घसरला आणि एका गोलने आम्ही हरलो. तेव्हा तो तरुण बाकावर उभा राहून ओरडला, 'चायना माल हाय, गॅरंटी न्हाई.' प्राध्यापकांच्या रांगेतही हशा पिकला. मी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, तर एक-दोघांनी रुमाल तोंडाला लावले. त्या रांगेत मी पुन्हा कधी बसलो नाही.

संध्याकाळपर्यंत घरोघरी मोबाईलवर इबोचा व्हिडिओ फिरत होता. सामन्याचा नव्हे, त्या एका वाक्याचा. 'चिनी माणूस बघा कसा मराठी बोलतो' अशा मथळ्याखाली लोक हसून लोळत होते. काहींना तो गोड वाटला, काहींना लाज वाटली की आमच्या महाविद्यालयाला आपला माणूस मिळाला नाही. गोड वाटणाऱ्यांचा मला जास्त राग आला. बचावफळी कशी उभी केली होती, हरलो तरी मुलं शेवटपर्यंत कशी पळत होती, यावर एक अक्षर कुणी लिहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात संस्थेने बैठक घेतली. लोकांच्या पचनी पडत नाही, तेव्हा मुख्य प्रशिक्षक म्हणून इथलाच कुणी तरी दाखवावा, सामन्याला बाकावर तो बसेल, आणि इबोने सकाळी येऊन सराव तेवढा घ्यावा, असा प्रस्ताव आला. मांडणाऱ्याने वर हेही सांगितलं की यात इबोच्याच मनस्तापाची काळजी घेतलेली आहे. म्हणजे काम त्याचं हवं, तोंड मात्र नको. मी त्या बैठकीत काय बोललो ते छापण्याजोगं नाही. तिथून उठलो आणि सरळ मैदानावर गेलो.

इबो तिथे नेहमीचं काम करत होता. आमचं मैदान मुरमाचं, कितीही साफ केलं तरी खडे वर येतात आणि पडलेल्या खेळाडूचा गुडघा सोलून निघतो. इबो रोज सगळ्यांच्या आधी यायचा आणि कंबरेत वाकून मैदानभर फिरून दगड वेचायचा. वेचलेले दगड ट्रॅकसूटच्या खिशात टाकायचा आणि शेवटी कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली नेऊन ओतायचा. खिसे सारखे फाटायचे, म्हणून वहिनींनी आतून जीनचं जाड कापड लावून दिलं होतं. मी त्याच्या शेजारी चालत बैठकीची हकीकत सांगितली. तो वेचत राहिला. शेवटी मी वैतागून विचारलं, 'अरे, तुला राग येत नाही का?'

'येतो ना सर, लई येतो,' तो म्हणाला. 'म्हनून तर वाकतो. उभं ऱ्हायलं की लोक तोंड बघत्यात. वाकलं की फकस्त दगड दिसतो.'

मग मीही वाकलो. त्याच्याबरोबर थोडे दगड वेचले, माझी पाठ धरली, तेव्हा त्यानेच मला बाजूला बसवलं.

तो प्रस्ताव पुढे बारगळला, पण त्याचं श्रेय माझ्या आवाजाला नाही. संघातली मुलं जर्सी घालून कार्यालयासमोर उभी राहिली आणि म्हणाली, सर बाकावर नसतील तर आम्हीपण मैदानात नाही. ज्यांचे गुडघे त्याने वाचवले होते, त्यांना तरी तो कोण होता ते कळलं होतं. इबो राहिला. पुढच्या काही वर्षांत संघ जिंकायला लागला, करंडक यायला लागले, आणि बघता बघता तोच इबो 'आपले सर' झाला. मिरवणुकीत त्याला खांद्यावर घ्यायला तो 'मोमो'वाला तरुण सगळ्यांत पुढे. भाषणात लोक म्हणायचे, दिसायला वेगळे असले तरी मनाने अगदी आपले आहेत. हे वाक्य ऐकलं की माझ्या तोंडाची चव जायची. त्या दिसण्याबद्दल त्याला माफी दिल्यासारखं बोलायचे. इबो अशा वेळी हात जोडायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दगड वेचायचा. हरलेल्या दिवशी जितका वेळ वेचायचा, तितकाच जिंकलेल्या दिवशीही.

तो गेल्यावर स्मृती सामना ठरला. तयारी त्याच तरुणाने अंगावर घेतली, आता तो चांगला वजनदार झाला आहे. सामन्याच्या दिवशी मी वहिनींना घेऊन मैदानावर गेलो. दारातून आत येताच त्या थांबल्या. समोर दोन बांबूंना बांधलेला भला मोठा फ्लेक्स होता आणि वाऱ्याने बांबू हलू नयेत म्हणून बुडाशी दगड रचले होते. लिंबाखालचा इबोचा ढीग उचलून आणला होता. फ्लेक्सवर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली पाच-पन्नास शुभेच्छुकांचे हसरे चेहरे आणि वर मध्यभागी इबो. निदान इबोच्या जागी कुणीतरी. रंग उजळवलेला, गाल कोरलेले, नाक जरा वर काढलेलं, आणि डोळे... डोळे मोठे केले होते. पापणीवर घडी पाडून, बुबुळं रुंद करून, लग्नाच्या अल्बममधल्या नवरदेवासारखे टपोरे. शुभेच्छुकांपैकी कुणाच्याही डोळ्यांना हात लावलेला नव्हता.

तो तरुण लगबगीने आला, वाकून पाया पडला आणि सांगू लागला की डिझायनरने जरा सेटिंग केलंय, पण सर किती छान दिसतायत.

'ह्यो मानूस कोन हाय?' वहिनी म्हणाल्या. 'मी ह्याच्याशी लगीन न्हाई केलं.'

त्याला वाटलं दुःखाच्या भरात बोलतायत. 'वहिनी, प्रेमानं केलंय हो सगळं,' असं म्हणून तो पाहुण्यांना आणायला वळला. वहिनींनी पर्समधली दोरे कापायची छोटी कात्री काढली. शिंपीकाम करणाऱ्या बाईच्या जवळ ती असतेच. त्या चालत गेल्या आणि खालच्या दोऱ्या एकेक करून कापल्या. वरच्या गाठींपर्यंत हात पोचेना, तेव्हा गोलरक्षकाने त्यांच्या हातातून कात्री घेतली आणि उरलेल्या दोऱ्या त्याने कापल्या. पहिल्या सामन्यात ज्याचा पाय घसरला होता, तोच हा. मैदानाच्या आठवणीने परगावाहून आला होता. फ्लेक्स मुरमावर पालथा पडला. मंचावर कुजबुज सुरू झाली, कुणीतरी माइकवरून गाणं लावायला सांगितलं. आजी-माजी खेळाडूंनी बांबूच्या बुडाचे दगड उचलले आणि पुन्हा लिंबाखाली नेऊन ठेवले. मग कुणी काही न सांगता ते ओळीने मैदानात पांगले आणि कंबरेत वाकून खडे वेचू लागले. प्रमुख पाहुणे हार घेऊन ताटकळले. मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं.

परवा मी वहिनींच्या दुकानात गेलो होतो. मशीनमागच्या खिळ्याला इबोचा ट्रॅकसूट टांगलेला आहे, शेवटच्या सकाळी अंगात होता तोच. त्या दिवशी त्याला बरं वाटत नसावं, दगड लिंबाखाली ओतायचे राहून गेले होते. खिसे अजून खाली ओढलेले आहेत. वहिनींनी ते रिकामे केलेले नाहीत. मी बसलेलो असतानाच तो तरुण दारात आला. झालं ते झालं म्हणाला, आता ओरिजिनल फोटो द्या, नवीन फ्लेक्स लावतो, एक टिकलीसुद्धा बदलणार नाही. वहिनींनी मशीनवरची शिलाई संपवली, दोरा तोडला आणि मान वर न करता म्हणाल्या, 'फोटू न्हाई देत. सकाळी ग्राउंडवर जा आन वाका. दिसतील.'

तो जरा वेळ घुटमळला आणि गेला. मी रोज सकाळी मैदानावर जातो. अजून तरी तो आलेला नाही.