पायाळूचे पाय

मैदानावर सगळे त्याला पायाळू म्हणत. पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या माणसाला जमिनीच्या पोटातलं कळतं म्हणतात. आपला हा गडी मात्र चारचौघांसारखा डोकं पुढे करूनच जन्मला होता आणि पुढेही सगळीकडे डोकं पुढे करूनच शिरला. नाव पडलं ते कामामुळे. तो क्रिकेटच्या मैदानाचा माळी होता आणि खेळपट्टी पायांनी वाचायचा. सामन्याच्या सकाळी चपला कुंपणापाशी काढायच्या, या यष्टीपासून त्या यष्टीपर्यंत सावकाश चालायचं, मध्येच एखाद्या जागी टाच दाबायची आणि निकाल द्यायचा, "दुपारनंतर चेंडू वळणार. आधी फलंदाजी घ्या." नाणेफेकीला जाणारे कर्णधार आधी त्याच्या तोंडाकडे बघत. तोही मग भाव खायचा, का नाही खाणार?

मधुमेह निघाला तेव्हा घरात रडारड झाली, पण याच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. "साखर ना? बघून घेतो तिला," म्हणाला. त्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा, गोळ्या वेळच्या वेळी, गोडाकडे ढुंकून बघणं नाही. बायको कौतुकही करायची आणि वैतागायचीही, कारण त्याच्या धाकाने घरातल्या सगळ्यांच्याच चहातली साखर गेली होती.

अशी काही वर्षं बरी गेली. मग यंदा काय झालं कोणास ठाऊक, पठ्ठ्या खेळपट्टीवरचा रूळ ओढताना धापा टाकू लागला. जिना चढला की भिंतीला टेकायचा. तोंड पांढरंफटक. जो तो म्हणे, साखर वाढली. त्यालाही ते पटलं, म्हणून त्याने जेवण निम्म्यावर आणलं. तरी थकवा जाईना, तेव्हा उरलेल्या निम्म्यातलं निम्मं केलं.

"अहो, वाळून काटकी झालात! साखर मारताय की स्वतःला?" बायको म्हणाली.

"तू गप्प बस. माझं शरीर मला कळतं."

एका दुपारी रुळाच्या दांड्यावरच त्याचे डोळे फिरले आणि तो मटकन खाली बसला. क्लबच्या सेक्रेटरींनी ते कार्यालयाच्या खिडकीतून पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण अंतिम सामना महिन्यावर आलेला. "फायनलपर्यंत उभे राहिलात तर खेळपट्टी तुमची," ते म्हणाले. "नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मग तुम्ही आपले फुलझाडांना पाणी घाला." खेळपट्टी हातची जाऊन कुंड्यांना पाणी घालायचं! हे ऐकून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकोने मात्र तीच संधी साधली आणि त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेऊन उभं केलं.

बाईंनी त्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि साखरेचं काहीच न बोलता विचारलं, "काम काय करता?"

आता असा प्रश्न म्हणजे याला मेजवानीच. खेळपट्टीची काळी माती कशी वेगळी असते, मैदानामागे झाडाच्या सावलीत तिचा ढीग कसा ओलाच ठेवावा लागतो, ती चाळून अनवाणी पायांनी कशी तुडवायची, सगळं त्याने साग्रसंगीत सांगितलं.

"त्या ढिगाकडे कोणी शौचाला बसतं का?"

तो चपापला. "नवी गॅलरी बांधतायत ना, तिथल्या मजुरांना संडास नाही. बसतात आडोशाला. मी ओरडतो त्यांना."

बाईंनी रक्त आणि शौच तपासायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी निकाल आला. पोटात अंकुशकृमी होते. बारीक जंत, आतड्याला चिकटून रक्त पिणारे. रक्त निम्म्यावर आलं होतं ते त्यांच्यामुळे, आणि हा उपाशी राहून उरलंसुरलंही घालवत होता.

"म्हणजे साखरेचा काही दोष नाही!" तो खूश झाला. "चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"साखर कसली संन्याशी? चोर दोन आहेत," बाई म्हणाल्या. "हे जंत ओल्या मातीतून पायाच्या कातडीत शिरतात. शिरताना खाज सुटते, पुरळ उठतो. तुमच्या बोटांच्या बेचक्यांत त्याच्या खुणा आहेत. खाज आली नाही?"

"नाही बुवा."

"मला तेच खटकतंय. झोपा. डोळे मिटा. मी या नायलॉनच्या दोऱ्याने तळपायाला स्पर्श करीन. लागला की 'लागलं' म्हणायचं."

तो झोपला. या परीक्षेत पायाळू नापास होणार होय? "लागलं," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "लागलं. हं, आता टाचेला लागलं." आवाज अगदी नाणेफेकीच्या वेळचा.

बायको पायाशीच उभी होती. तिला हसू फुटलं आणि लगेच विरून गेलं. "अहो," ती हळूच म्हणाली, "त्यांनी अजून दोरा टेकवलेलाच नाही."

त्याने डोळे उघडले. बाईंचा हात टेबलावर होता, दोरा हातात. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय हे त्याला आडवं पडल्या पडल्या कळलं.

"मग इतके दिवस मी वाचत काय होतो?" त्याने विचारलं. "हा दुसरा चोर. साखरेने पायांच्या नसा बधिर केल्यात," बाई म्हणाल्या. त्यांनी जंतांच्या गोळ्या दिल्या, लोहाच्या दिल्या, पोटभर जेवायला सांगितलं आणि घरीदारी अनवाणी पाऊल टाकायचं नाही, तळपाय रोज बायकोला दाखवायचे अशी सक्त ताकीद दिली.

तिसऱ्या दिवशी बूट घालून थेट सेक्रेटरींच्या पुढ्यात उभा राहिला. "मजुरांना संडास आणि गोळ्या मिळेपर्यंत रूळ हलणार नाही. आणि मातीचा तो ढीग बदला." चिडला की त्याच्यापुढे कोणाचंच चालत नसे. आठवड्यात संडास उभे राहिले.

अंतिम सामन्याच्या सकाळी अंगात बरीच ताकद आली होती. त्याला बुटांत बघून खेळाडू खो खो हसले. तो खेळपट्टीपाशी उकिडवा बसला. हाताचा पंजा मातीवर दाबून धरला, भेगेत किल्ली खुपसून पाहिली, चेंडू आपटून आवाज ऐकला, वास घेतला. पूर्वीही चालता चालता तो वाकून हे सगळं करायचाच, पण श्रेय मात्र पाय लाटायचे.

"आत ओल आहे," तो कर्णधाराला म्हणाला. "गोलंदाजी घे. चुकलो तर उद्यापासून मी कुंड्यांकडे."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत समोरचा अर्धा संघ तंबूत परतला होता. सेक्रेटरींनी येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दुसऱ्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

संध्याकाळी घरी बायकोने रोजच्यासारखं त्याचं पाऊल मांडीवर घेतलं आणि दिव्याखाली धरलं. आता ही खेळपट्टी तिच्या ताब्यात होती. बोट फिरवत ती पुटपुटली, "टाचेला भेग पडायला लागलीय. बेचक्यात कोरडं आहे, चांगलं आहे." मग तिने त्याच्या पायाचा अंगठा दाबला. "कळलं?"

सगळ्या जन्मात 'हो' म्हणायची सवय असलेल्या माणसाने पाय तिच्याच हातात राहू दिला.

"नाही," तो म्हणाला. "तूच बघ."