पंच्याऐंशी डेसिबल

आता कोणी रिपीटर म्हटलं की मला जांभई येते. त्या उन्हाळ्यात मात्र डोक्यात दुसरं काही नव्हतं.

वलगावचा माझा जुना हॅम मित्र, म्हणजे माझ्यासारखाच हौशी वायरलेसवाला; धंद्यानं भाजीपाल्याचा मळेवाला. त्याला लकवा मारला, जीभ जड झाली. डॉक्टरनं बजावलं, रोज बोलत राहा, नाहीतर उरलेलं बोलणंही जाईल. फोनची त्याला लाज, लोक 'काय? काय?' करतात म्हणे. हॅमवाल्याला अर्धामुर्धा आवाज समजून घ्यायची सवय असते. म्हणून ठरलं, अमरावतीत माझ्या गच्चीवर रिपीटर लावायचा, लहान सेटचा आवाज उचलून लांबवर पोचवणारा. दुपारी घर रिकामं झालं की त्यानं खाटेवरून हातातल्या सेटवर बोलावं, आम्ही उत्तर द्यावं.

रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसरीवर तेच बोलतो, अँटेना मात्र एकच. आपलाच आवाज आपल्या कानात शिरू नये म्हणून मधे डुप्लेक्सर, नको ती फ्रिक्वेन्सी अडवणारी चाळणीच म्हणा. हिशेब मीच केला. ट्रान्समीटरचा जोर चव्वेचाळीस, रिसीव्हरची ऐकायची हद्द उणे एकशे सोळा. मधे एकशे साठ डेसिबल. त्यातले ऐंशी रिसीव्हर स्वतः सोसतो, उरलेले ऐंशी डुप्लेक्सरनं अडवायचे. वर पाच जास्तीचे धरले. मित्राच्याच मळ्यातले स्प्रिंकलरचे ॲल्युमिनियम पाइप कापून डुप्लेक्सरचे डबे केले. मोजायचं मीटर अकोल्यात एकाकडे होतं. तिथं जाऊन, मस्त कूलरपुढे बसून, डबे जुळवले. पंच्याऐंशी भरले! वाटलं, जिंकलो.

कसलं काय. दुपारी तो बोलायला लागला की दोन शब्द येत आणि मग नुसती खरखर. आधी सगळे म्हणत, "पुन्हा सांगा भाऊ." मग तेही म्हणेनासे झाले. बिचाऱ्याची जीभच गेली, असं आम्ही धरून चाललो. मीसुद्धा.

आम्ही बाकीचे गावातूनच बोलायचो, जवळून आमचा आवाज धड जायचा. एका दुपारी लांब बडनेऱ्याहून हातातल्या सेटवर मीच बोललो, तर माझाही आवाज तुटला. माझ्या जिभेला तर काही झालं नव्हतं! तसाच घरी आलो, गच्चीवर रिपीटर ठेवलेल्या टिनाच्या खोलीत शिरलो, डब्याला हात लावला तर चटका बसला. कपाळ आमचं! कूलरच्या गारव्यात जुळवलेले डबे त्या भट्टीत फुगले, मेळ सुटला आणि रिपीटर आपल्याच आवाजानं बहिरा झाला. अकोल्याला जाऊन मीटर आणलं आणि भर दुपारी त्याच खोलीत, घामानं निथळत, पुन्हा जुळवले. जीव विटून गेला होता.

मग त्याला हाका मारल्या. उत्तर नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. शेवटी वलगावला गेलो.

वहिनी म्हणाल्या, "सेट कवाचाच ठेवून देला त्यायनं. काहून बोलू म्हनत, माहं कोनालेच समजत नाही. घरातबी बोलत नाहीत आता."

मी खाटेशी बसलो. "भाऊ, दोष आमच्या डब्यायचा होता. तुह्या जिभेचा नाही."

तो माझ्याकडे वळला. मग ओठ हलवून काहीतरी बोलला. हातभर अंतरावर बसलो होतो, मधे रेडिओ नाही, काही नाही, आणि मला एक शब्द कळला नाही. मी वहिनींकडे पाहिलं.

"आता त समजते का," त्या म्हणाल्या, "असं इचारून राहिले."