सात निघाले होते

"एक कमी आहे," असं म्हणत ते बसच्या दारात उभे राहायचे आणि बोट हवेत नाचवत आम्हाला पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. हडपसरहून खराडीला जाणारी आमच्या कंपनीची बस ड्रायव्हरपेक्षा या मदतनिसांच्या ताब्यात होती. खराडीत तेव्हा ऑफिसं कमी आणि शेतं जास्त. मागे राहिलेल्याला दुसरं वाहन मिळायचं नाही. आम्ही घड्याळं दाखवून कुरकुर करायचो, पण ते ढिम्म. "अहो मॅडम, तुम्ही मागे राहिला असतात तर?"

स्वतः मात्र कधी बसायचे नाहीत. जागा रिकामी असली तरी दारातच, या पायावरून त्या पायावर. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. त्याच्याकडे पाहून आपल्यालाच उठावंसं वाटतं.

एकदा प्रोजेक्ट संपल्याबद्दल कंपनीने सगळ्यांना सिनेमाला नेलं. तलवारी, घोडे, बर्फाचे डोंगर. हरवलेला मुकुट शोधायला सात जण निघतात, असा इंग्रजी सिनेमा. आमच्यातले निम्मे तो आधीच पाहून वेडे झालेले. ते मात्र दाराजवळच्या खुर्चीवर, अर्धे बसलेले, अर्धे उठलेले. मध्यंतरात मला म्हणाले, "सहा जण नुसत्या तलवारी घेऊन चाललेत. सामान सगळं त्या एकट्या म्हाताऱ्याच्या पाठीवर."

शेवटी शेवटी तो म्हातारा पोत्यासकट बर्फात कोसळला. बाकीचे लढले, जिंकले, पुढे गेले. टाळ्या पडल्या. अंधारात त्यांचं बोट पडद्याकडे फिरताना मला दिसलं. "एक कमी आहे," ते म्हणाले. मागून कोणीतरी त्यांना गप्प केलं.

नंतर स्वतः तिकीट काढून त्यांनी तो सिनेमा आणखी चार वेळा पाहिला. भाषा कळत नव्हती. "तो हात हलवतो का, ते बघायला जातो," म्हणाले. मी हसले. "अहो, सिनेमा आहे तो." ते म्हणाले, "आमचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. पोतं घेऊन पडले, तरी गाडी भरायची काही थांबली नाही. दुपारी डबे उघडल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं." पुढचं मला विचारवलं नाही. हसल्याची लाज वाटली.

दुसरा भाग वर्षभराने येणार होता. त्याची वाट आमच्यापेक्षा तेच जास्त बघत होते. मी बसमध्ये चढले की विचारायचे, "येईल ना हो तो म्हातारा?" पण त्याआधीच बसचं काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे गेलं आणि एका सोमवारी दारात कोणी नव्हतं. बस अगदी वेळेवर सुटली. त्यांनी दिलेला नंबर शेजाऱ्यांचा होता. ते घर सोडून गेल्याचं कळलं, कुठे गेले ते कळलं नाही.

दुसरा भाग मी पहिल्याच दिवशी पाहिला. तासभर मला धड बसवेना. मग एका खिंडीत त्या सहा जणांना शेकोटी दिसली, आणि तिच्या कडेला पोत्याला टेकून बसलेला तो म्हातारा. माझं बोट आपोआप वर गेलं. पाच, सहा, सात. मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. सातच.

हे त्यांना सांगायचं राहिलं, याचं मला अजून वाईट वाटतं. त्या दिवशी तर मी सांगायला म्हणून वळलेसुद्धा. दाराजवळच्या खुर्चीवर कोणीतरी पाय पसरून निवांत बसलं होतं.