बाकड्यावरचा कॅमेरा

मावशी जुन्या टीव्हीतून मेलेल्या माणसांशी बोलते, अशी गल्लीत वदंता. खरं एवढंच, की ती टीव्हीला शिव्या घालते आणि टीव्ही निमूट ऐकून घेतो.

शूटिंगवाल्याने भंगारात काढलेला कॅमेरा तिने तरुणपणी मागून आणला आणि त्याचं तोंड टीव्हीकडेच वळवलं. कॅमेरा टीव्ही बघतो, टीव्ही तेच दाखवतो, कॅमेरा पुन्हा तेच बघतो. या चक्रातून पडद्यावर भोवरे उठतात, पाकळ्या उमलतात. फक्त कॅमेरा सतत हलत राहायला हवा. थांबला की पडदा पांढराफटक. थांबणं मावशीला कधीच जमलं नाही, म्हणून ते चित्र इतकी वर्षं तिच्या हातात जगलं. तेव्हा असलं काही करणारं आसपास दुसरं कोणी नव्हतं. ती चहासुद्धा येरझाऱ्या घालत पिते. "बूड टेक गं, फरशी झिजली," आई म्हणते.

शेवटी कलादालनाने तिला महिनाभरासाठी बोलावलं. व्यवस्थापक घसा खाकरत म्हणाले, "मॅडम, अं, तुम्ही काय रोज इथे उभ्या राहणार? पडदा पांढरा पडला, की आम्ही, अं, बंद करू."

मावशीने घर डोक्यावर घेतलं. कॅमेरा पंख्याला बांधला, तर चित्र कवायत करायला लागलं. "मेल्या, शाळेत आहेस का?" म्हणून तिने तो सोडवला आणि एका डुगडुगत्या बाकड्याच्या टोकाला ठोकला. बसणारा चुळबुळला, की चित्र हलणार.

"आणि कोणी चुळबुळलंच नाही तर?" मी व्यवस्थापकांच्या आवाजात, घसा खाकरत विचारलं.

"माणसंच ना ती?"

"तूच उठून बाकडं हलवशील. लाव पैज."

"लावली. हरलीस तर महिनाभर कोणाची नक्कल नाही."

उद्घाटनाला मावशी कोपऱ्यातल्या खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. बाकड्यावर पाहुणे अदबीने बसले, फोटोला बसल्यासारखे. पडदा फिकटत गेला, पांढरा झाला. व्यवस्थापकांनी बटणाकडे बघितलं. मावशीच्या टाचा उचलल्या गेल्या. आज उठले तर महिनाभर उठावं लागेल, हे तिला कळत होतं. पायांना कळत नव्हतं. तिने टाचा खाली दाबल्या.

व्यवस्थापकांनी बटण दाबणं पुढे ढकललं, कारण आधी त्यांना दोन शब्द बोलायचे होते. पडद्याकडे पाठ करून ते बोलायला लागले आणि बोलतच राहिले. "कला म्हणजे, अं, एक प्रकारे, अं..." बाकड्यावरच्या एका काकूंचा पाय हलायला लागला. शेजारच्या आजोबांनी बैठक बदलली. पडद्यावर एक पाकळी फुटली, मग भोवरा, मग सगळा पडदा गरगरायला लागला. टाळ्या वाजल्या. त्या आपल्यालाच, असं समजून व्यवस्थापकांनी पुन्हा सुरुवात केली.

मावशी खुर्चीतच होती.

ते भाषण मला 'अं'सकट पाठ आहे. महिना संपेपर्यंत ते घशातच ठेवायचंय.