लोटेबाईचा साचा आणि माझा डबा

चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी माणसं तुम्ही, तेव्हा बहारीनला निघताना काय विसराल ते आधीच सांगते. स्वेटर. वाळवंट म्हणून हसू नका, घराघरात एसी गुरगुरतो आणि जानेवारीत बाहेरही कुडकुडायला होतं. मला अक्षर येत नाही, नात लिहून घेतेय. पण थंडी वाजायला अक्षर लागत नाही.

जायचं ठरलं मधूमुळे. माझा मुलगा, तिथे हिशेबनीस. "आई, व्हिसा काढलाय, आता कारणं नकोत," म्हणाला. पेणहून निघाले. विमान म्हणजे एस.टी.पेक्षा हादरे कमी आणि चहा वाईट. विमानतळ वेगळ्या बेटावर आहे, पुलावरून मनामात यायचं. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ठरवा; बसल्यावर विचाराल तर तो म्हणेल ते द्यावं लागतं.

मधूचा फ्लॅट मनामातल्याच गुदैबिया भागात. खाली आपल्या लोकांचं किराणा दुकान, कढीपत्त्यापासून सगळं मिळतं, फक्त महाग. भट्टीवरची गरम खबूस रोटी मात्र स्वस्त आणि पोटभर. मासळीबाजारात विकणारा निघाला रत्नागिरीचा.

"आजी, पापलेट खलास. उद्या या, इंशाल्ला."

"उद्या काय, मी दोन महिने इथेच आहे."

समोरच्या दारात लोटेबाई. माझ्याच वयाची, जन्म जर्मनीतला, आणि बोलते भायखळ्याचं मराठी. हिटलरच्या काळात बाप तिला घेऊन मुंबईला पळाला. आई मागून येणार होती, ती आलीच नाही, छावणीत मारली. आता लोटेबाई लेकीकडे असते, लेक इथल्या बँकेत. धर्माने ज्यू. मला त्याचं नवल नव्हतं. आमच्याकडे शनवार तेली होतेच की, तेही ज्यूच, शनिवारी घाणा बंद ठेवणारे.

पहिल्याच आठवड्यात मी तिला डबाभर वालाचं बिरडं दिलं. डबा परत आला बदामाचा केक घेऊन. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिला भायखळ्याच्या शेजारणींनी शिकवलेलं. मग तो डबा दोन दारांमधून सारखा ये-जा करू लागला.

जर्मनीत तिच्या आईबापांचं घर होतं. तिकडे दोन जर्मनींमधली ती भिंत पडल्यावर पूर्वेकडची घरं परत मागता येऊ लागली, तसा तिने दावा लावला. निकाल माझ्या मुक्कामातच येणार होता.

मी विचारलं, "निघताना विकलं नव्हतं?" आमचे शनवार तेली इस्राएलला गेले ते घरं विकून, आमच्या गळ्यात पडून रडून. मला वाटलं, सगळेच तसे गेले.

"विकलंच ना. कागदावर तसंच आहे," ती म्हणाली. "बाबांना तुरुंगात घातलं. सही केली, मग सोडलं."

"आणि पैसे?"

"बँकेत भरले. आमच्याच नावाचं खातं, आम्हालाच बंद."



मध्यंतरी ती ते घर पाहून आली होती. आत दुसरं कुटुंब. त्यांनी बसवलं, कॉफी दिली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिच्या आईचा केकचा तांब्याचा साचा टांगलेला, शोभेला.

"मी म्हटलं, हा तरी द्या. ती बाई म्हणाली, वकिलाने सांगितलंय, दावा संपेपर्यंत घरातलं काही द्यायचं नाही."

"आणि तू कॉफी प्यायलीस?"

"प्यायले."

"कशी होती?"

"चांगली होती, ताई. तेच वाईट."

निकाल आला, लेकीने वाचून दाखवला. घर जबरदस्तीने घेतलं, हे मान्य. पण आताच्या कुटुंबाने नंतर ते सरळपणे विकत घेतलंय, म्हणून घर त्यांचंच. हिला मोबदला मिळेल, कधी ते पुढे कळवू. सत्तरी उलटलेल्या बाईला पुढे कळवणार. साच्याबद्दल एक शब्द नाही.

मधू म्हणाला, "आई, निदान मान्य तरी केलं त्यांनी."

"उद्या तुझी गाडी कोणी नेली आणि 'हो, नेली' म्हणाला, तर त्या 'हो'वर बसून ऑफिसला जाशील का रे?"

निघायच्या आदल्या दिवशी डबा परत आला. हाताला हलका लागला. उघडला तर रिकामा, घासून लख्ख. लोटेबाई दारातच उभी.

"केक करायला घेतला होता, ताई. हात चालला नाही."

मी झाकण लावून डबा तिच्याच हातात दिला. "राहू दे मग. रिकामा मी नेत नाही."

पेणला आले त्याला आता महिना झाला. मोत्यांचा बाजार पाहिला, वाळवंटातलं ते एकटं झाड पाहिलं. तुम्हीही पाहा, मधू आणेल फिरवून. माझ्या डोळ्यांपुढे राहिला तो न पाहिलेला साचा. ती माणसं रोज त्याच्याखाली जेवत असतील आणि त्यांना घासही अडकत नसेल.

तेव्हा गुदैबियाला निघालात तर आधी माझ्याकडे या. फणसपोळी, आमसुलं आणि आंबोशीचं लोणचं बांधून देते. कोळंबीचं लोणचं घेऊ नका, लोटेबाईला धर्माने चालत नाही. डबा देऊ लागली तर झाकण उघडून बघा. केक असला तर आणा. रिकामा असला तर तिथेच ठेवा, आणि तुमच्यामागून जो कोणी जाईल त्याच्याबरोबर त्या डब्यात घालायला बिरड्याचे कडवे वाल पाठवा.