एल्मरकाकांची किल्ली

बाल्टिमोरातल्या आमच्या खेकड्यांच्या खानावळीत एल्मरकाका दर शनिवारी व्हर्नाकाकूंना आणायचे आणि स्वतः गाडीची किल्ली बोटात फिरवत बसायचे. अस्सा राग यायचा मला!

"चिमूटभर मांसासाठी एवढी ठोकाठोकी? आटप की गं!" ते काकूंना म्हणायचे.

टेबलावरच्या कागदावर लाकडी हातोडीनं खेकडा फोडत काकू हसायच्या. "अरे, खेकडे नुसतं निमित्त. लोक इथं बसायला येतात."

तरी त्या अर्ध्यावर उठायच्याच.

हिवाळ्यात काकू गेल्या. परवा काका एकटेच आले, डझनभर खेकडे मागवले आणि हातोडीला शिवलेसुद्धा नाहीत.

"काका, गार होतायत. फोडून देऊ?"

त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"ही तुझ्याकडे ठेव, पोरी. आज मी बसायला आलोय."